पत्ता आणि चतुःसीमा : मेमरी-सुरक्षित प्रोसेसरची साठ वर्षे

मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जगभरातील वापरकर्त्यांना ॲप तातडीने अद्ययावत करण्यास सांगितले. एका साध्या व्हॉट्सॲप कॉलमधून, तो कॉल उचलला नाही तरी, समोरच्याच्या फोनमध्ये पेगॅसस ही हेरगिरीची आज्ञावली उतरवता येत होती. सुमारे १४०० फोन या मार्गाने लक्ष्य झाले, असे कंपनीने त्याच वर्षी न्यायालयात दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले. त्यांत भारतातील पत्रकार, वकील आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा झाली ती राजकारण, कायदा आणि खासगीपणाच्या अंगाने. ती आवश्यकच होती. त्या गदारोळात एक तांत्रिक वाक्य मात्र मागे पडले. ज्या दोषातून हे सारे घडले, तो ‘बफर ओव्हरफ्लो’ या जातीचा होता.

संगणकशास्त्राच्या इतिहासात या दोषाची जागा विचित्र आहे. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली लिहिलेल्या सुरक्षा-अहवालात त्याचे वर्णन सापडते. त्यावरचा उपाय मात्र त्याच्याही अकरा वर्षे आधी, १९६१ साली जाहीर झालेल्या एका यंत्रात होता. रोगाचे वर्णन होण्यापूर्वीच औषध बाजारात आले होते, आणि पुढे ते बाजारातून उठले. असे का झाले, हा प्रश्न आज केवळ इतिहासाचा उरलेला नाही; भारत स्वतःचे प्रोसेसर घडवू पाहत असताना तो पुन्हा समोर आला आहे.

आधी दोष समजून घेऊ. संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या घरांची एक लांबलचक पेठ. आज्ञावली मेमरीतील मजकुरापर्यंत पोहोचते ती या क्रमांकाच्या आधारे, आणि तो क्रमांक धरून ठेवणाऱ्या चलाला पॉइंटर म्हणतात. सी आणि सी++ या भाषांतील पॉइंटर हा निव्वळ पत्ता असतो. ५१२ घरांची जागा दिलेली असताना आज्ञावली ५१३व्या घरात लिहू लागली, तर प्रोसेसर तिला अडवत नाही. कारण जागा किती दिली होती, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शेजारच्या घरात जर ‘हे काम संपल्यावर पुढची आज्ञा कोणत्या पत्त्यावरून घ्यायची’ ही नोंद असेल, तर बाहेरून आलेला लबाड मजकूर ती नोंद पुसून तेथे आपल्या सोयीचा पत्ता लिहितो. यंत्र मग घरमालकाला सोडून पाहुण्याचे हुकूम पाळू लागते. दुसरा प्रकार काळाशी निगडित आहे : जागा परत केली, ती दुसऱ्या कामाला दिली गेली, तरी जुन्या भाडेकरूपाशी किल्ली राहिलेलीच असते. पहिल्याला स्थलदोष आणि दुसऱ्याला कालदोष म्हणू या.

जमिनीच्या व्यवहारात आपण इतके बेफिकीर नसतो. खरेदीखतात नुसता गट क्रमांक लिहून भागत नाही. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, अशी चतुःसीमा लिहावी लागते; हक्क कोणता तो लिहावा लागतो; आणि त्यावर निबंधकाचा शिक्का लागतो. मेमरी-सुरक्षेच्या हार्डवेअरची मूळ कल्पना एवढीच आहे. पत्त्याबरोबर चतुःसीमा द्या, हक्क लिहा, शिक्का मारा, आणि प्रत्येक वेळी दाराशी प्रोसेसरलाच तो कागद तपासू द्या.

बरोज कंपनीच्या बी-५००० या यंत्रात हे बऱ्याच अंशी होते. रॉबर्ट बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अल्गोल या भाषेसाठी घडवले. त्याचा शब्द ४८ बिटांचा, आणि त्यातील एक बिट ओळखीसाठी राखलेला : हा शब्द साधा आकडा आहे की ‘डिस्क्रिप्टर’, हे त्यावरून यंत्राला कळे. डिस्क्रिप्टरमध्ये जागा कोठून सुरू होते आणि किती लांब आहे, याची नोंद असे. यादीतील शंभर घटकांपैकी एकशेएकावा मागितला, तर यंत्र तेथल्या तेथे काम थांबवी. पुढच्या बी-६५०० मध्ये ही ओळख तीन बिटांची झाली. बरोज हे नाव मुंबईच्या जुन्या संगणकतज्ज्ञांना परके नाही. १९७४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने याच कंपनीचे बी-१७२८ हे यंत्र आयात केले, आणि भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीच्या कामांत त्याचा वाटा आहे. अर्थात त्या यंत्राची घडण निराळी होती, बी-५०००च्या वंशातली नव्हती.

१९६६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी या विचाराला सैद्धांतिक रूप दिले आणि ‘केपेबिलिटी’ हा शब्द रूढ केला. केपेबिलिटी म्हणजे मेमरीच्या एखाद्या भागावरील हक्काचा असा दस्तऐवज, जो आज्ञावलीला वापरता येतो पण मनाने बनवता येत नाही. १९७०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स, रॉजर नीडहॅम आणि डेव्हिड व्हीलर यांनी ‘कॅप’ नावाचा आख्खा संगणक या तत्त्वावर उभा केला आणि तो चालवून दाखवला. त्याच दशकात अमेरिकेत एसआरआय या संस्थेत पीटर न्यूमन आणि त्यांचे सहकारी केपेबिलिटीवर आधारलेल्या कार्यप्रणालीचा आराखडा करत होते. न्यूमन यांचे नाव लक्षात ठेवावे; ते पुढे पुन्हा येणार आहे.

टोनी होअर यांनी १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक आठवण सांगितली. एलियट कंपनीच्या संगणकासाठी त्यांनी केलेल्या अल्गोल कंपायलरमध्ये यादीची हद्द प्रत्येक वेळी तपासली जाई. काही वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारले, वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का? ग्राहकांनी एकमुखाने नकार दिला. आपल्याच आज्ञावल्यांत किती चुका निघतात हे त्यांनी पाहिले होते. हे सॉफ्टवेअरमधील तपासणीचे उदाहरण आहे, आणि त्या यंत्रांचा वेग आजच्या घड्याळातील चिपच्याही जवळपास नव्हता. तरीही त्या ग्राहकांनी सावकाश चालणे पत्करले.

मग वाट कोठे वळली? बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७०च्या सुमारास युनिक्स घडत होती ती पीडीपी-११ या छोट्या संगणकावर, ज्याच्या पहिल्या प्रतीत सारी मिळून २४ किलोबाइट मेमरी होती. आज मोबाइलवर आलेल्या शुभेच्छेच्या एका चित्राला याहून अधिक जागा लागते. डेनिस रिची यांनी सी भाषा रचली ती या दारिद्र्यात. तेथे प्रत्येक पॉइंटरसोबत त्याची चतुःसीमा बाळगणे म्हणजे पोटाला चिमटा काढून दागिने घेण्यासारखे होते. रिचींना दोष देण्यात अर्थ नाही. दारिद्र्य संपल्यानंतरही ती काटकसर तशीच चालू राहिली, हे खरे दुखणे आहे. सीमधील ‘गेट्स’ ही सूचना याचा नमुना होय. ती बाहेरून आलेली ओळ वाचून दिलेल्या जागेत ठेवते. जागा किती आहे, हे तिला सांगण्याची सोयच नाही. आपल्या महाविद्यालयांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ही सूचना लिहूनच अनेक पिढ्या प्रोग्रामिंग शिकल्या. सीच्या प्रमाणकातून ती अखेर २०११ साली काढण्यात आली.

हार्डवेअरच्या बाजूने एक मोठा प्रयत्न इंटेलने केला. १९८१ साली त्या कंपनीने आयएपीएक्स ४३२ हा प्रोसेसर आणला. केपेबिलिटीची सारी यंत्रणा त्यात चिपवरच होती, आणि तो मुख्यतः आडा या भाषेत वापरला जाईल अशी अपेक्षा होती. तो रेंगाळत असताना मधला काळ निभावून नेण्यासाठी इंटेलने घाईने ८०८६ नावाचा साधा प्रोसेसर काढला होता. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ४३२ इतका मंद निघाला की तो कोणी घेतला नाही. ८०८६च्या धाकट्या भावावर आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बसवला, आणि त्या तात्पुरत्या सोयीचे वंशज आजही आपल्या बहुतेक लॅपटॉपांत आहेत. ४३२च्या मंदपणाला केपेबिलिटीपेक्षा त्याची एकंदर अवघड घडण आणि कच्चा कंपायलर अधिक जबाबदार होता, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. पण बाजाराने धडा घेतला तो दुसराच : सुरक्षा म्हणजे मंदगती. आयबीएमच्या सिस्टिम/३८ने, आणि पुढे एएस/४००ने, शिक्क्याचे पॉइंटर वापरून व्यापारी जगात उत्तम संसार केला. परंतु त्याकडे विद्यापीठांचे फारसे लक्ष गेले नाही. तेथे तेव्हा प्रोसेसर जितका साधा तितका वेगवान, या रिस्क विचाराचा उदय झाला होता.

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी या काटकसरीचा हिशेब पहिल्यांदा चारचौघांत मांडला गेला. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली त्या वेळच्या इवल्याशा इंटरनेटवर यंत्रामागून यंत्र काबीज करत सुटली. तिच्या अनेक युक्त्यांपैकी एक अशी : ‘फिंगर’ ही सेवा ‘गेट्स’च्या साहाय्याने ५१२ बाइटांच्या जागेत ओळ वाचत असे, मॉरिसच्या कृमीने तिला ५३६ बाइट पाठवले. वरच्या चोवीस बाइटांत परतीचा पत्ता बदलला गेला. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाली असा त्या वेळचा अंदाज होता. बी-५०००च्या रीतीने हद्द तपासणारे यंत्र असते, तर ५१३व्या बाइटपाशीच काम थांबले असते.

यानंतरची पंचवीस वर्षे म्हणजे ठिगळे लावण्याचा इतिहास आहे. मेमरीच्या ज्या भागात मजकूर आहे तेथील बाइट आज्ञा म्हणून चालवू नयेत, अशी सोय २००३च्या सुमारास सर्वसामान्य प्रोसेसरांत आली. २००७ साली होव्हाव शाचम यांनी दाखवून दिले की, हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा आणण्याची गरजच नाही. यंत्रात आधीपासून असलेल्या आज्ञांचे तुकडे हव्या त्या क्रमाने जोडले की काम होते. एक दार बंद केले की खिडकी, खिडकी बंद केली की कौल. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सांगितले की, त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीसंबंधीचे असतात. क्रोम ब्राउझरच्या गंभीर दोषांबाबत गूगलने पुढच्याच वर्षी जवळपास हाच आकडा दिला. सीईआरटी-इन ही आपली राष्ट्रीय संस्था ज्या सूचना वेळोवेळी प्रसिद्ध करते, त्या सहज चाळल्या तरी ‘बफर ओव्हरफ्लो’ आणि ‘यूज आफ्टर फ्री’ हे दोन शब्द किती वारंवार येतात ते दिसेल.

नवी भाषा वापरा, हा एक उपाय आहेच. रस्टसारख्या भाषा यांतील बहुतेक चुका कंपायलरपाशीच पकडतात. परंतु सी आणि सी++मध्ये लिहिलेल्या कोट्यवधी ओळी आज बँकांत, रेल्वेत, रुग्णालयांत आणि दूरध्वनी केंद्रांत चालू आहेत. त्या सगळ्या पुन्हा कोण लिहिणार, आणि किती वर्षांत? म्हणूनच जुने औषध पुन्हा कपाटातून काढावे लागले.

२०१० साली केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय यांनी मिळून ‘चेरी’ हा प्रकल्प हाती घेतला. केंब्रिजकडून रॉबर्ट वॉटसन आणि सायमन मूर, आणि एसआरआयकडून तेच पीटर न्यूमन, आता पंचाहत्तरी ओलांडलेले. विस्मृतीत गेलेला विचार ज्यांनी तरुणपणी पाहिला होता, त्यांच्यातील एक जण तो पुन्हा घडवायला हजर होता, हे विज्ञानाच्या इतिहासात क्वचित घडते.

चेरीमध्ये ६४ बिटांचा पत्ता १२८ बिटांची केपेबिलिटी होतो. अर्ध्या भागात पत्ता, उरलेल्या अर्ध्यात दाबून बसवलेली चतुःसीमा आणि हक्क. याखेरीज एक बिट वेगळा, आज्ञावलीच्या हाताला न लागणाऱ्या जागी ठेवलेला. तो निबंधकाचा शिक्का. कोणी साध्या आज्ञेने कागदावर खाडाखोड केली की हा शिक्का आपोआप उडतो, आणि बिनशिक्क्याचा कागद दाराशी चालत नाही. दुसरा नियम याहून महत्त्वाचा वाटतो : हक्क कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. दहा एकरांचे खत असलेल्याने त्यातील दोन एकर दुसऱ्याला लिहून द्यावेत. दोन एकरांच्या खतातून दहा एकर निघत नाहीत. त्यामुळे चित्र उघडणाऱ्या आज्ञावलीच्या एका भागात दोष असला, तरी त्याला संपर्कयादीच्या जागेचा कागद मिळतच नाही.

ब्रिटिश सरकारने ७ कोटी पौंड आणि उद्योगांनी ११.७ कोटी पौंड देऊ केलेल्या कार्यक्रमातून आर्म कंपनीने ‘मोरेलो’ हा प्रायोगिक प्रोसेसर तयार केला. त्याचे बोर्ड जानेवारी २०२२पासून संशोधकांना मिळू लागले. जुन्या आज्ञावल्या यावर चालतात का, हा खरा कसोटीचा प्रश्न होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सी आणि सी++च्या सुमारे ६० लाख ओळींचे सॉफ्टवेअर चेरीवर आणण्यासाठी ०.०२६ टक्के ओळी बदलाव्या लागल्या. म्हणजे दीड हजारांच्या आसपास. साठ लाख ओळी नव्या भाषेत लिहिण्याच्या तुलनेत हे काम एका छोट्या गटाचे आहे.

याहून स्वस्त मार्गही निघाले, आणि ते बाजारात आधी पोहोचले. आर्मच्या ‘मेमरी टॅगिंग’मध्ये मेमरीच्या दर १६ बाइटांना चार बिटांचा एक रंग दिला जातो आणि पॉइंटरलाही, रंग जुळले तरच प्रवेश. रंग सोळाच असल्याने चोराचा अंदाज कधीतरी बरोबर येऊ शकतो, पण बहुतेकदा तो पकडला जातो. गूगलने २०२३च्या पिक्सेल ८मध्ये ही सोय प्रथम दिली. ॲपलने सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या नव्या आयफोनांत तिची सुधारलेली आवृत्ती कायम चालू ठेवून आणली, आणि तेव्हा भाड्याच्या हेरगिरीचा धोका स्पष्ट शब्दांत पुढे केला. २०१९चा मिस्ड कॉल विसरला गेला नव्हता तर. सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असेही नाही. इंटेलने २०१५ साली आणलेल्या एमपीएक्समध्ये चतुःसीमा पॉइंटरपासून दूर, वेगळ्या तक्त्यांत ठेवल्या जात. प्रत्येक वेळी तक्ता शोधण्यात इतका वेळ जाई की काही वर्षांतच कंपायलरांनी आणि मग इंटेलनेही तिची साथ सोडली.

आता आपल्याकडे येऊ. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ हे प्रोसेसरांचे कुटुंब घडवले. २०१८ साली त्यातील एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात आणि दुसरी सेमीकंडक्टर लॅबोरेटरी या आपल्या सरकारी संस्थेत तयार होऊन आली. शक्तीचा पाया ‘रिस्क-फाइव्ह’ हा खुला आज्ञासंच आहे. ‘खुला’ या शब्दाचा अर्थ अनेक बातम्यांत केवळ ‘परवाना शुल्क नाही’ एवढाच लावला जातो. माझ्या मते त्याचा अधिक मोलाचा अर्थ असा की, प्रोसेसरमध्ये नवी आज्ञा घालण्यासाठी विद्यार्थ्याला कोणाच्या दाराशी जावे लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये चतुःसीमा हवी असेल, तर आपण फक्त विनंती करू शकतो.

या मोकळिकीचा उपयोग मद्रासच्या गटाने केला. २०१७ साली ‘शक्ती-टी’ आणि २०१९ साली ‘शक्ती-एमएस’ हे त्यांचे आराखडे प्रसिद्ध झाले. शक्ती-एमएस हा छोट्या, कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी विचारपूर्वक केलेला प्रोसेसर आहे. स्थलदोष आणि कालदोष हे दोन्ही तो चालत्या आज्ञावलीत पकडतो. पॉइंटरची माहिती दूरच्या तक्त्यात न ठेवता स्टॅकवरच ठेवायची, ही त्याची युक्ती. एमपीएक्सला ज्याने बुडवले तो तक्ताच त्यांनी काढून टाकला. प्रोग्रामरला आपली सी आज्ञावली बदलावी लागू नये म्हणून कंपायलरही सुधारला. नव्या आज्ञा तोच जागोजागी पेरतो. घड्याळाचा वेग कमी झाला नाही. आज्ञावल्यांचा आकार ११ टक्क्यांनी आणि चालण्याचा वेळ सरासरी १३ टक्क्यांनी वाढला.

हे १३ टक्के नीट पाहावेत. प्रयोगशाळेत हा आकडा चांगला आहे. बाजारात मात्र त्याचा अर्थ, दोन मीटर शेजारी ठेवले तर एक थोडा मंद किंवा थोडा महाग. वीजमीटर, पाण्याचे पंप, इन्सुलिनचे पंप, रस्त्यावरचे कॅमेरे यांची खरेदी निविदांनी होते आणि निविदा सर्वांत स्वस्ताला मिळते. सुरक्षेचा खर्च उत्पादकाच्या माथी, आणि तिच्या अभावाचा खर्च ज्याच्या घरात मीटर बसला त्याच्या माथी, ही मांडणी १९८१मध्ये होती तशीच आज आहे. होअर यांचे ग्राहक तपासणी चालू ठेवा म्हणाले, कारण चुकीचा फटका त्यांनाच बसत होता. निविदेच्या अटींत हद्द-तपासणी मागितली गेली, तर १३ टक्के सर्वांनाच सारखे पडतील आणि त्यांची अडचण उरणार नाही. एप्रिल २०२२मध्ये सरकारने देशी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांसाठी ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. अशी अट घालण्याचे ठिकाण तेच आहे असे मला वाटते, कारण रुळलेल्या बाजारात ती मागाहून घालता येत नाही.

यातून सगळे धोके टळतील असे कोणी समजू नये. फसवून काढून घेतलेला ओटीपी, सोपा पासवर्ड, किंवा २०१८ साली उघड झालेला स्पेक्टर हा वेगळ्याच जातीचा दोष, यांना चतुःसीमा अडवत नाही. तिचा दावा फक्त त्या ७० टक्क्यांपुरता आहे.

भारताच्या अवकाश कार्यक्रमात या इतिहासाचा एक धागा अनपेक्षितपणे येऊन मिळतो. मार्च २०२५मध्ये ‘विक्रम ३२०१’ हा अग्निबाणांसाठीचा ३२ बिटांचा देशी प्रोसेसर इस्रोकडे सोपवण्यात आला. विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी तो मिळून घडवला. त्याची आज्ञावली लिहिण्याची मुख्य भाषा आडा आहे. तीच, जिच्यासाठी इंटेलचा ४३२ घडला होता, आणि जिच्यात यादीची हद्द तपासणे हा भाषेचाच नियम आहे. तिचा कंपायलर आणि बाकीची साधने इस्रोने स्वतः तयार केली आहेत. वापरकर्त्यांना अधिक मोकळीक मिळावी म्हणून या प्रोसेसरसाठी सी भाषेचा कंपायलरही आता तयार केला जात आहे, असे त्याच निवेदनात पुढे म्हटले आहे.